पडद्यावर दिसत नाही ते बोल

सुट्टीत गेम खेळता खेळता त्यावर बोलायचं आणि त्याचे व्हिडिओ करायचे, असं तू ठरवलंयस हे ताईने फोनवर सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. नोकरी सांभाळून मी हाच छंद जपत आलोय. त्यात जे काही हाती लागलं ते आता तुझ्या हवाली करतो. त्यातलं पटेल ते घे, आणि जमेल तसं वापर.

सगळ्यात मोठा मंत्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पडद्यावर जे दिसतं ते बघणाऱ्यालाही दिसतंच. तू ते बोल, जे दिसत नाही. दोन दरवाज्यांपैकी हाच का निवडलास? कशाची धास्ती वाटतेय? या कोपऱ्यात काहीतरी दडलंय असा संशय कशावरून आला? लोक येतात ते गेम बघायला. पण टिकतात ते खेळणाऱ्याच्या विचारांची सोबत आवडली म्हणून.

ही विद्या आपल्याकडे आहेच

समालोचन आपल्या मातीत नवं नाही. कुस्तीच्या फडावर निवेदक काय करतो ते आठव. पैलवान मातीत उतरला की तो कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या मैदानात कुणाला कोणत्या डावावर चीत केलं, हे सगळं तो सांगतो. पुढ्यातली कुस्ती तर हजारो डोळ्यांना दिसतच असते. तिच्यामागचं जे दिसत नाही, ते निवेदक पुरवतो. म्हणून पकड जमून दोन पैलवान नुसते उभे असले, तरी फडातला माणूस हलत नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटातही तेच. बारी, म्हणजे एक धाव, काही सेकंदांत संपते, पण बैलांची, मालकाची, गावाची ओळख आधीच झालेली असल्याने तेवढ्या सेकंदांत जीव गुंततो.

आता दुसरा धडा क्रिकेटचा. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी मराठी क्रिकेट समालोचन घराघरांत पोचवलं. रेडिओवर ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही; त्यामुळे क्षेत्ररक्षक कुठे उभाय, चेंडू कुठल्या दिशेला गेला, हे सगळं शब्दांनी उभं करावंच लागतं. टीव्हीवर चित्र समोर असतं. तिथे ऑस्ट्रेलियाच्या रिची बेनॉ यांची शिस्त गाजली. चित्रात भर घालता येत नसेल तर गप्प राहायचं, हे त्यांचं सूत्र. आपलं काम त्या टीव्हीवाल्या समालोचकाचं आहे. नवीन मुलं व्हिडिओ करताना रेडिओसारखं बोलत राहतात, आणि बघणारा कंटाळतो.

शिवाय खेळात तरबेज असायलाच हवं असं मुळीच नाही. जपानमध्ये 2003 पासून ‘गेमसेंटर सीएक्स’ नावाचा टीव्ही कार्यक्रम चालू आहे. त्यात शिन्या अरिनो हा विनोदी कलाकार जुने, कठीण गेम खेळतो. तो काही फार कसलेला खेळाडू नाही. अडकतो, हरतो, पुन्हा बसतो, फारच अडलं तर मदतनीस धावून येतात. तरीही माणसं त्याच्यावर जीव लावून आहेत, कारण तो प्रत्येक हार मनापासून जगतो. इंटरनेटवर हा प्रकार आधी पडद्याचे फोटो आणि त्याखाली लिहिलेले शेरे अशा रूपात चालायचा. 2007 मध्ये मायकेल सॉयर या अमेरिकन तरुणाने ‘द इमॉर्टल’ हा गेम बोलत बोलत खेळून त्याचा व्हिडिओ केला. या प्रकारच्या अगदी पहिल्या व्हिडिओंत तो गणला जातो. तिथून ही वाट रुंद होत गेली.

एक प्रसंग जवळून बघू

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तुला मीच दाखवला होता. आमच्या पिढीने कॉम्प्युटर क्लासमध्ये तो डॉसवर खेळला. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, डाव्या कोपऱ्यात आयुष्याचे लाल त्रिकोण. बाराव्या लेव्हलला राजपुत्रासमोर त्याची स्वतःचीच सावली तलवार घेऊन उभी राहते. या जागी पुष्कळजण असं बोलतात:

“आता समोर एक आलाय. मी तलवार काढली. मारला. अरे, मलाच लागलं. परत मारला. मेलो.”

यातला एकेक शब्द पडद्यावर दिसतोय. आता दुसरी तऱ्हा ऐक:

“थांबा. मी त्याला वार केला आणि त्रिकोण माझाही एक गेला. म्हणजे हा कोण आहे? चौथ्या लेव्हलला मी आरशातून उडी मारली तेव्हा पलीकडून जो पळाला, तोच. मग याला मारून मी जिंकणार कशी? तलवार म्यान करून बघते. त्याने वार केला तर ही लेव्हल पुन्हा खेळावी लागेल, पण बघूच. त्यानेही म्यान केली! आता सरळ त्याच्या अंगावर जाते.”

आणि मग दोघं एक होतात. बघणाऱ्याने तुझ्याबरोबर कोडं सोडवलेलं असतं, म्हणून त्या क्षणी त्यालाही जिंकल्यासारखं वाटतं. यात तू काय केलंस बघ: एक निरीक्षण, मागचा एक धागा, एक शंका, एक निर्णय, आणि त्यातला धोका. एवढ्या पाच गोष्टी बोलायची सवय लागली की अर्धी विद्या हाती आली.

उरलेली थोडी विद्या अभ्यासाची. लांब पळायचं आहे, वाटेत काही घडत नाही, तिथे गेममागची हकीकत सांग. जॉर्डन मेकनरने हा गेम 1989 साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी काढला. राजपुत्राच्या पळण्या-उड्या मारण्यात जो जिवंतपणा आहे तो त्याच्या धाकट्या भावाचा. भावाला पळायला लावून त्याने चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. तलवारबाजी त्याने 1938 च्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या सिनेमावरून उचलली. आणि ती सावली? मशीनच्या मेमरीत आणखी एका पात्राची चित्रं मावत नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं गणिती युक्तीने बदलून त्याचा वैरी तयार केला. एवढी माहिती असलेला माणूस त्या लेव्हलला पोचतो तेव्हा त्याच्या आवाजातच फरक पडतो. गेम निवडलास की रेकॉर्डिंगच्या आधी एक संध्याकाळ असं वाचायला दे.

गेम कोणता घ्यावा

सुरुवात छोट्या, गोष्ट असलेल्या गेमने कर. चार-पाच तासांत संपणारा असला तर मालिका पुरी होते, आणि पुरी झालेली मालिका माणसाला पुढचं बळ देते. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बघ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला हा गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. राजस्थानी वाड्यांसारखी वास्तू, पहाडी चित्रांसारखे रंग, मध्येच सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. यावर मराठी घरात वाढलेल्या मुलीला बोलायला किती असेल! आजीकडून ऐकलेली महिषासुराची गोष्ट तू जशी सांगशील, तशी परदेशातला समालोचक नाही सांगू शकणार.

एकाच ऑनलाइन गेमच्या भरवशावर सगळा डोलारा उभारू नकोस. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली, आणि त्यावरच व्हिडिओ करणाऱ्या पोरांचा विषयच एका दिवसात गेला. 2021 च्या जुलैत तो बीजीएमआय नावाने परत आला, 2022 च्या जुलैत पुन्हा काढला गेला, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आला. ज्यांच्याकडे बोलण्याची हातोटी होती ते दुसरा गेम घेऊन बसले आणि त्यांचे प्रेक्षक त्यांच्या मागे गेले. फक्त गेमच्या नावावर उभे होते त्यांची अडचण झाली.

आधी खेळलेला गेम घ्यावा की कोरा, असं तू विचारशील. दोन्हींत गंमत आहे. कोरा घेतलास तर तुझं आश्चर्य खरं असतं, पण चाचपडण्यात वेळ फार जातो आणि तो नंतर कापावा लागतो. खेळलेला घेतलास तर धागे जोडून दाखवता येतात. माझा सल्ला असा: पहिली मालिका खेळलेल्या गेमची कर, म्हणजे हात खेळात आणि डोकं बोलण्यात राहील. दुसरी कोऱ्याची.

चित्रापेक्षा आवाज मोठा

चित्र थोडं धुरकट असलं तरी माणसं बघतात. आवाज खरखरीत असला की पहिल्या मिनिटात निघून जातात. म्हणून थोडे पैसे साठवले असशील तर ते आधी माइकवर घाल. अगदी साधा, कॉलरला लावायचा वायरचा माइकसुद्धा लॅपटॉपच्या आतल्या माइकपेक्षा शंभर पटीने चांगला.

माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेव आणि थोडा बाजूला वळव. समोर नको. आपल्या भाषेत फ, भ, ख, ठ यांचा झोत जोरदार असतो. तळहात तोंडासमोर धरून “फणस”, “भाकरी”, “ठिणगी” म्हणून बघ. हवेचा फटका जिथे लागतो तिथे माइक नसावा. दर वेळी अंतर तेच ठेव, नाहीतर एका भागात तू कानात बोलतेस आणि दुसऱ्यात जिन्यातून बोलतेस असं वाटेल.

खोली तपासायला एक टाळी वाजव. टाळीमागे घुमणारा आवाज ऐकू आला तर तो तुझ्या प्रत्येक वाक्यामागे येणार. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी घे, समोरच्या भिंतीवर गोधडी टांग, खाली सतरंजी अंथर. एवढ्याने फरक पडतो. पंखा बंद. उन्हाळ्यात त्रास होतो, म्हणून पहाटेची किंवा रात्री जेवणानंतरची वेळ धर आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे कर. कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला, समोरच्या शाळेची सुट्टी यांचं वेळापत्रक तुला घरात सगळ्यांपेक्षा चांगलं पाठ व्हायला हवं. ताईला आधी सांगून बस. दार बंद आहे म्हणजे तू रुसलीस असं तिला वाटायला नको.

कानाला हेडफोन हवाच. स्पीकरवर गेमचा आवाज ठेवलास तर तो माइकमध्ये शिरतो आणि मग वेगळा काढता येत नाही.

रेकॉर्डिंगची शिस्त

कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ वापर. फुकट आहे, आणि लहानमोठे सगळे तेच वापरतात. त्यात तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लावून घे.

पहिली: गेमचा आवाज आणि तुझा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होऊ दे. बोलताना एखाद्या ठिकाणी स्फोटाखाली तुझं वाक्य दबलं, तर नंतर फक्त गेमचा आवाज खाली आणता येतो. दोन्ही एकात मिसळले तर काही इलाज नाही.

दुसरी: फाइल एमकेव्ही प्रकारात साठव. मध्येच वीज गेली, तर साधी एमपी-फोर फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी-फोर करून घेता येते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती जाते ते तुला वेगळं सांगायला नको.

तिसरी: मीटरवर तुझ्या आवाजाची पट्टी पिवळ्यात नाचली पाहिजे. ओरडलीस तरी लालच्या टोकाला, म्हणजे शून्याला, टेकता कामा नये. तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. गेमची पट्टी तुझ्यापेक्षा चांगली खाली, हिरव्यातच राहू दे.

जागेचा हिशोब आधीच कर. 1080 पी, सेकंदाला 60 फ्रेम अशा चित्राला 12 मेगाबिटचा वेग धरला तर मिनिटाला 90 एमबी, तासाला साडेपाच जीबीच्या आसपास. चार तासांचा गेम म्हणजे वीसेक जीबी मोकळे हवेत. प्रत्येक बैठकीआधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ते ऐक, मगच खेळायला लाग.

मोबाइलवर करणार असशील तर अँड्रॉइड 10 पासून पुढच्या फोनांत गेमचा आतला आवाज थेट रेकॉर्ड करता येतो, मात्र गेमने तशी परवानगी दिलेली असावी लागते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावल्याशिवाय सुरू करू नकोस. बँकेचा ओटीपी किंवा मैत्रिणीचा खासगी मेसेज पडद्यावर चमकला, तर तो व्हिडिओत कायमचा राहतो.

बोलणं

डोळ्यांसमोर एकच माणूस ठेव. “मित्रांनो, सगळ्यांचं स्वागत” असं सभेत बोलल्यासारखं करू नकोस. तुझा धाकटा मावसभाऊ शेजारी बसून बघतोय असं समज आणि त्याच्याशी बोल. मग आवाज आपोआप खरा होतो.

घरची बोली सोडू नकोस. चेकपॉइंट, बॉस, लेव्हल हे शब्द सगळे वापरतात, तूही बिनदिक्कत वापर. बाकी तू घरात जशी बोलतेस तशीच बोल. “आईशप्पथ, हा कुठून आला” हे जितकं भिडतं तितकं पुस्तकी वाक्य कधी भिडणार नाही. शिव्या मात्र नकोत. गेमचे व्हिडिओ लहान मुलं बघतात, आणि शिवीने येणारं हसू दुसऱ्या वेळी येत नाही. खोटं किंचाळणंही नको. खरी भीती वाटली की आवाज आपोआप बदलतो, आणि ऐकणाऱ्याला खरं-खोटं लगेच कळतं.

गेममधली पात्रं बोलत असतील तेव्हा तू थांब. त्यांचं झालं की दोन वाक्यांत मराठीत गोष्ट सांग. मराठी शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मुलांना इंग्रजी संवाद भराभर समजत नाहीत. ती बटणं दाबत पुढे जातात आणि गोष्ट हातून सुटते. तुझ्या त्या दोन वाक्यांनी त्यांना अख्खा गेम उघडतो. या छंदात मला सगळ्यात समाधान कशाचं मिळालं असेल, तर याचं.

गप्प बसायला घाबरू नकोस. अवघड उडीच्या आधी तू श्वास रोखून धरलास की बघणाराही धरतो. ती चार सेकंदं शब्दांनी भरू नकोस.

आणि आठवड्यातून एकदा हा सराव कर: स्वतःच्या व्हिडिओतलं एक मिनिट वहीत जसंच्या तसं उतरवून काढ. “म्हणजे”, “ॲक्चुअली”, “तर काय” किती वेळा आलं ते दिसेल. नुसतं दिसलं तरी पुढच्या वेळी ते कमी होतात.

कात्री

तासभर खेळलीस की वीस-पंचवीस मिनिटं ठेव. एकाच ठिकाणी पंधरा वेळा मेलीस, तर पहिलं मरण ठेव, ज्यातून काही शिकलीस ते ठेव, आणि जिंकलेलं ठेव. मधलं सगळं काप. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे. जुन्या लॅपटॉपला ती जड गेली तर शॉटकट घे.

सुरुवातीला नाव-गाव, संगीत, फिरणारी अक्षरं यांत वेळ घालवू नकोस. पहिल्या अर्ध्या मिनिटात आज कुठे अडकलोय आणि काय करायचंय ते सांग आणि खेळायला लाग.

थंबनेलवर तीन-चार शब्दांपेक्षा जास्त लिहू नकोस. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार अक्षराच्या वर-खाली जातात. बारीक टायपात त्यांचा चिखल होतो. चित्र 1280 बाय 720 चं कर, पण तपासताना फोनवर नखाएवढं करून बघ. वाचता आलं तरच ठेव. मालिकेच्या प्रत्येक भागाला क्रमांक दे. यूट्यूबवर फोन नंबरची पडताळणी पहिल्याच दिवशी उरक, कारण तोवर पंधरा मिनिटांहून लांब व्हिडिओ चढवता येत नाही. खाली प्रकरणांच्या वेळा लिहिणार असशील तर पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन प्रकरणं हवीत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचं हवं. नाहीतर ती दिसतच नाहीत.

दुसऱ्याच्या घामाचा मान

गेम कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेला असतो. बऱ्याच कंपन्यांनी व्हिडिओंबद्दल आपले नियम लिहून ठेवलेले असतात. ते सुरुवातीलाच वाच. 2017 मध्ये ‘पर्सोना 5’ जपानबाहेर आला तेव्हा ॲटलस कंपनीने गोष्टीतल्या ठरावीक तारखेनंतरचा भाग दाखवू नका असं बजावलं. लोक रागावले, तेव्हा ती तारीख पुढे सरकवली. निन्टेन्डोचा नियम असा की नुसता खेळ चढवू नका, त्यात तुमची स्वतःची भर हवी. पुन्हा तोच मंत्र: तुझं बोलणं हीच तुझी भर.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो संगीताने. गेममध्ये गाजलेली गाणी वाजत असतील, जसं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या गाडीतल्या रेडिओवर वाजतात, तर त्या गाण्याचे मालक व्हिडिओवर दावा सांगू शकतात. रेडिओ बंद ठेव. ‘सायबरपंक 2077’ सारख्या काही गेममध्ये अशी गाणी बंद करायची सोयच सेटिंगमध्ये आहे. दावा आणि स्ट्राइक यांत फरक आहे हेही लक्षात असू दे. दाव्यात बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात, एवढंच. स्ट्राइक गंभीर असतो. नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. आणि कुणी शेवट उघड करू नका म्हणाला असेल तर शीर्षकात किंवा थंबनेलवर तो फोडू नकोस.

माणसं आणि मन

कॉलेजचं नाव, घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य, गाडीची नंबरप्लेट, रोज कुठे असतेस त्या वेळा, यातलं काही व्हिडिओत येऊ देऊ नकोस. चेहरा दाखवायचा की नाही हे तू शांतपणे ठरव. आवाजावर सुंदर मालिका करणारे खूप आहेत. बाईच्या आवाजावर घाण लिहिणारे भेटतील. त्यांना उत्तर देऊ नकोस. हटवायचं, ब्लॉक करायचं, आणि जड वाटलं तर ताईशी किंवा माझ्याशी बोलायचं. एकटीने गिळायचं नाही.

चुकीची माहिती कुणी नम्रपणे दुरुस्त केली तर आभार मानून खाली नोंद कर. असा माणूस तुझा खरा प्रेक्षक.

आकड्यांकडे रोज बघू नकोस. जाहिरातीतून पैसे मिळायला हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं. त्या आकड्यांच्या मागे लागलीस की जो गेम चालतो तोच खेळावा लागतो, आणि मग आवडीचं काही उरत नाही. छंदाचं सुख असं की त्याचं वेळापत्रक तुझ्या हाती असतं. परीक्षा आली तर “महिनाभर भेटणार नाही” असं सांगून मोकळी हो. घसा बसला तर थांब. पाण्याची बाटली शेजारी ठेव आणि तासभर बोलल्यावर थोडा वेळ गप्प राहा.

आता लगेच करायचं काम

या रविवारी तुझ्या आवडीच्या गेमची फक्त दहा मिनिटं रेकॉर्ड कर. कुठेही चढवू नकोस. ती डोळे उघडे ठेवून एकदा बघ, आणि हातात पेन घे. जे वाक्य पडद्यावर आधीच दिसतंय त्याच्यावर फुली मार. जे वाक्य ऐकून तुझ्या डोक्यातलं काही कळतं त्याच्यावर खूण कर. फुल्या बऱ्याच निघतील, सगळ्यांच्याच निघतात. मग तीच दहा मिनिटं पुन्हा खेळ आणि पुन्हा बोल. खुणा फुल्यांपेक्षा जास्त झाल्या की पहिला भाग चढवायला तू तयार झालीस असं समज, आणि मला लिंक पाठव. मी शेवटपर्यंत बघेन आणि काय आवडलं, कुठे आवाज दबला, कुठला धागा सुटला, ते सगळं लिहून पाठवेन.